कलम, कांड, पान आणि सुपारी : वनस्पतींच्या शब्दांचे अर्थ कसे पसरतात

रत्नागिरीच्या आंबा बागायतदारासमोर ‘कलम’ हा शब्द उच्चारला तर त्याच्या डोळ्यांपुढे हापूसचे झाड उभे राहते, वकिलाला त्याच शब्दाने राज्यघटनेचे कलम २१ आठवते, आणि जुनी कागदपत्रे वाचणाऱ्या अभ्यासकाला लेखणी. हे तीन अर्थ एकमेकांपासून इतके दूर आहेत की मुळात तीन वेगळे शब्द असावेत असा समज सहज होतो. प्रत्यक्षात शब्द एकच आहे आणि तो पाणथळ जागी वाढणाऱ्या, पोकळ दांड्याच्या एका बोरूसारख्या वनस्पतीच्या नावापासून आलेला आहे. ग्रीक भाषेत या वनस्पतीला ‘कालामोस’ म्हणत. अरबीत त्याचे ‘कलम’ झाले आणि फारसीच्या वाटेने तो शब्द मराठीत स्थिरावला. बोरूचा दांडा तिरका छाटून टोक केले की लेखणी तयार होते, म्हणून कलम म्हणजे लेखणी. लेखणीने कागदावर वेगळी काढून लिहिलेली एकेक बाब तीही कलम, आणि मराठेशाहीच्या दफ्तरांत मजकूर असा ‘कलमवार’ लिहिण्याची रीत असल्यामुळे पुढे कायद्याच्या तरतुदीलाही तेच नाव मिळाले. दुसरीकडे, लावण्यासाठी छाटून घेतलेल्या फांदीलाही फारसीत याच कुळातला शब्द होता. कोकणात कोयीपासून आपोआप वाढलेल्या रायवळ आंब्याहून वेगळे असे, बांधून तयार केलेले झाड म्हणजे ‘कलम’, हा अर्थ त्या दुसऱ्या वाटेने आला.

कोयकलम बांधताना पाहिले की या दोन वाटा कुठे फुटल्या ते स्पष्ट दिसते. कोयीतून नुकतेच वर आलेले, अजून तांबूस पानांचे रोप काही बोटे उंचीवर छाटतात, उरलेल्या दांड्यात उभी खाच पाडतात, हापूसची तेवढ्याच जाडीची काडी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासून त्या खाचेत बसवतात आणि वरून पट्टीने घट्ट बांधतात. काडीवर बसणारी ती तिरकी, स्वच्छ छाट बोरूच्या टोकावरच्या छाटीसारखीच असते. एका अर्थापासून दुसऱ्या अर्थाकडे जाताना शब्दाने वनस्पतीची कोणती तरी एक नेमकी खूण उचललेली असते, आणि ती खूण ओळखण्यासाठी केवळ शब्दकोश पुरत नाही. ती वनस्पती आणि तिचा वापरही माहीत असावा लागतो. या लेखात मांडायचे आहे ते हेच, कारण मराठीतले असे कितीतरी शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांच्यामागची खूण मात्र आपल्या नजरेआड होत चालली आहे.

‘मूळ’, ‘बीज’, ‘फळ’ आणि ‘शाखा’ यांच्याविषयी फार बोलण्याची गरज नाही. मूळ जमिनीखाली असते व त्यावर झाड उभे असते, म्हणून मूळ गाव, मूळपुरुष, मूलभूत हक्क, समूळ आणि निर्मूलन. फळ शेवटी येते, म्हणून सफल, निष्फळ, फलश्रुती आणि फलज्योतिष. वेदांच्या शाखांपासून बँकेच्या शाखेपर्यंतचा प्रवासही उघड आहे. उद्योग सुरू करण्यासाठी मिळणाऱ्या पहिल्या रकमेला शासकीय योजनांत ‘बीजभांडवल’ हे नाव दिले गेले, तेव्हा ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. या शब्दांतली उपमा सर्वांना दिसते. अधिक लक्ष द्यायला हवे ते जिथे उपमा दिसेनाशी झाली आहे तिथे.

उसाचे उदाहरण घेऊ. उसाच्या दांड्यावर ठरावीक अंतराने सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यापाशी एक ‘डोळा’ असतो, ज्यातून लागवडीनंतर कोंब फुटतो. संस्कृतात अशा सांध्याला ‘पर्वन्’ म्हणत आणि दोन सांध्यांमधल्या सलग भागाला ‘कांड’. प्राचीन ग्रंथकारांनी आपल्या मोठ्या ग्रंथांचे भाग पाडताना हीच नावे उचलली, म्हणून महाभारताची १८ पर्वे आणि रामायणाची ७ कांडे. हा शब्दांचा समूह इथेच थांबत नाही, कारण भागवताचे १२ स्कंध आहेत आणि ‘स्कंध’ म्हणजे खांदा तसेच झाडाचे खोड, तर तैत्तिरीय उपनिषदाचे भाग शीक्षावल्ली, ब्रह्मानंदवल्ली आणि भृगुवल्ली अशा तीन वेलींच्या नावांनी ओळखले जातात. ग्रंथ हा वाढणारा, पेऱ्यापेऱ्याने पुढे सरकणारा जीव आहे अशी धारणा या नावांतून व्यक्त होते. ती मला अतिशय सुंदर वाटते, आणि ‘प्रकरण’ किंवा ‘विभाग’ या शब्दांत ती सापडत नाही.

पुढे या दोन शब्दांची गती अगदी वेगळी झाली. ‘पर्व’ म्हणजे सांधा, म्हणून अमावास्या-पौर्णिमेसारख्या काळाच्या सांध्यांनाही पर्व म्हणू लागले, त्यातून सण व ‘पर्वणी’ आली, आणि आज एखाद्या संस्थेच्या इतिहासात ‘नवे पर्व सुरू झाले’ असे आपण आदराने लिहितो. ‘कांड’ मात्र ‘कर्मकांड’पर्यंत शास्त्रीय राहिले आणि नंतर वर्तमानपत्रांच्या भाषेत हत्याकांड, अग्निकांड, जळीतकांड असे जोडशब्द तयार होऊन भीषण घटनेशी बांधले गेले. एकाच दांड्याच्या सांध्याला प्रतिष्ठा मिळाली आणि मधल्या भागाला ती मिळाली नाही, याचे कारण वनस्पतीत शोधून सापडणार नाही; ते त्या शब्दांच्या शेजारी कोणते शब्द येत गेले यात आहे. गावाकडच्या बोलण्यात मात्र उसाची कांडी अजून उसाचीच आहे, आणि बोटांच्या सांध्यांमधल्या भागांना आपण ‘पेरे’ म्हणतो ते उसाच्या पेऱ्यांवरूनच. उलट दिशेची देवाणघेवाणही चालते: उसाला डोळा आणि नारळाला शेंडी हे शब्द माणसाच्या शरीरावरून वनस्पतीकडे गेले आहेत.

‘वंश’ या शब्दाचा उगमही असाच पेऱ्यांत आहे. संस्कृतात वंश म्हणजे बांबू. एका पेऱ्यावर दुसरे पेरे चढत जाणारा बांबू आणि एका पिढीमागून येणारी दुसरी पिढी यांतले साम्य पाहून घराण्याला वंश म्हटले गेले. मणक्यांच्या माळेला ‘पृष्ठवंश’ म्हणतात तेही त्याच दृष्टीने, आणि ‘बासरी’ हा शब्दही वंश याच कुळातला आहे. ‘वंशवृक्ष’ हा जोडशब्द आपण लिहितो तेव्हा एका वनस्पतीवर दुसरी वनस्पती चढवत असतो, आणि तरीही वाचताना कुठे अडत नाही, कारण पहिल्या शब्दातला बांबू आता कोणालाही दिसत नाही.

आकारावरून पसरलेल्या शब्दांत ‘पान’ आणि ‘पत्र’ यांना तोड नाही. संस्कृत ‘पर्ण’पासून आलेले पान पातळ, सपाट आणि सुटे असते. ताडाच्या पानांवर ग्रंथ लिहिले जात तेव्हा पुस्तकाचे पान हे खरोखर पानच होते. कागद आल्यावर पान गेले, नाव राहिले, आणि पारायणाच्या काही पोथ्या आजही न शिवलेल्या, लांबट, सुट्या पानांच्या छापल्या जातात, त्यांत तो जुना आकारही टिकून आहे. केळीच्या पानावर जेवण वाढण्याच्या रीतीमुळे ‘पान’ म्हणजे वाढलेले जेवण असा अर्थ आला, इतका की स्टीलची ताटे मांडली असतानाही ‘पाने वाढली आहेत, बसा’ असे सहज म्हटले जाते. विड्याचे पान तर नुसते ‘पान’ म्हटले तरी पुरते. ‘पत्र’चा विस्तार याहून मोठा आहे: टपालाने येणारे पत्र, वर्तमानपत्र, पत्रिका आणि छपराचा पत्रा. यांतल्या पत्र्यात तर वनस्पतीचा अंशही उरलेला नाही, फक्त तिचा पातळपणा उरला आहे. पळसाच्या पानांची पत्रावळ मात्र मूळ अर्थाला धरून राहिली आहे. गवताच्या पात्यापासून चाकूचे, पंख्याचे आणि पापणीचे पाते झाले, हीसुद्धा आकाराचीच किमया.

काट्याचा प्रवास अणकुचीदारपणावरून सुरू झाला. बाभळीचा काटा, माशाचा काटा, घड्याळाचा काटा, तराजूचा काटा असे करत हा शब्द शेवटी संपूर्ण वजनयंत्रापर्यंत पोहोचला, आणि साखर कारखान्याच्या परिसरात ‘गाडी काट्यावर गेली’ किंवा ‘काटा मारला’ ही वाक्ये बोलणाऱ्याच्या मनात बाभळ अजिबात नसते. तिथे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा हिशेब असतो.

आतापर्यंतचे शब्द वनस्पतीच्या रूपावरून पसरले. दुसरा मोठा गट वापरावरून, विशेषतः रीतिरिवाजांवरून पसरला आहे, आणि परभाषक माणसाला मराठी शिकताना हाच गट सर्वाधिक अडचणीत टाकतो, कारण यातला अर्थ झाडाकडे कितीही बारकाईने पाहिले तरी कळत नाही. नारळ फोडणे म्हणजे कामाचा आरंभ करणे, आणि एखाद्याला नारळ देणे म्हणजे त्याला कामावरून काढणे. शुभकार्याच्या प्रारंभी नारळ वाढवतात आणि पाहुण्याला निरोप देताना त्याच्या हाती नारळ ठेवतात, या दोन्ही रीती ठाऊक असल्या तरच एकाच फळाने सुरुवात आणि शेवट असे दोन परस्परविरुद्ध अर्थ कसे धारण केले याचा उलगडा होतो.

सुपारीचे उदाहरण याहून शिकवणारे आहे. व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून सुपारी देण्याची रीत जुनी आहे. लग्न ठरले की ‘सुपारी फुटली’ असे म्हणत. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात जत्रांच्या हंगामाआधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीचे लोक तिथे येऊन खेळ ठरवतात, आणि या ठरावाला ‘सुपारी’ म्हणतात. बँडवाल्याची सुपारी, वाजंत्र्यांची सुपारी हेही त्याच अर्थाचे प्रयोग आहेत: ठरलेले काम, ठरलेला दिवस, ठरलेली रक्कम. गुन्हेगारी जगाने हाच व्यवहाराचा शब्द उचलून खुनाच्या कंत्राटाला लावला आणि बातम्यांमधून तो सर्वदूर पसरला. आज शहरी वाचकाला ‘सुपारी घेतली’ हे वाक्य ऐकताच शेवटचाच अर्थ सुचतो, तेव्हा कलावंतांच्या प्रामाणिक व्यवहारातला हा शब्द त्यामुळे झाकोळला गेला याचे मला वाईट वाटते. विड्याचे नशीब त्या मानाने चांगले. अवघड कामगिरी स्वीकारणाऱ्याने सर्वांसमक्ष विडा उचलावा या प्रथेतून आलेला ‘विडा उचलणे’ हा प्रयोग आजही निर्धाराच्या अर्थानेच वापरला जातो.

‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’ या प्रयोगाचा अर्थ तर एका दाण्याच्या अदलाबदलीवर उभा आहे. अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ. निमंत्रण देताना अक्षता देण्याची पद्धत होती, म्हणजे अक्षता हे मान राखल्याचे चिन्ह. त्या जागी वाटाणे आले की देण्याची कृती होते, पण मान उरत नाही, म्हणून मागणाऱ्याला तोंडाला पाने पुसून परत पाठवणे असा अर्थ झाला. दानाचा संकल्प करताना त्या वस्तूवर तुळशीचे पान ठेवण्याची रीत होती, त्यावरून ‘तुळशीपत्र ठेवणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीवरचा हक्क कायमचा सोडणे.

वनस्पतीच्या निरीक्षणातून घडलेल्या म्हणी मात्र मला सर्वांत जवळच्या वाटतात. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. उंबराला फूल येत नाही, अशी समजूत यामागे असल्याचे सांगितले जाते. खरे तर उंबराला फुले येतात आणि ती भरपूर येतात, पण बाहेर दिसत नाहीत. ज्याला आपण उंबर म्हणतो तो गोळा म्हणजे आतून पोकळ असलेला फुलोराच असतो, त्याच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले असतात, आणि तळाच्या छोट्या छिद्रातून आत शिरणारे चिमुकले कीटक त्यांचे परागीकरण करतात. पिकलेले उंबर हातात घेऊन फोडले की ती फुले, बिया आणि कित्येकदा ते कीटकही दिसतात. ‘फोल’ या शब्दाचेही तसेच आहे. मळणीनंतर वाऱ्यावर धरले की जो दाणा आत काहीच नसल्यामुळे उडून जातो तो फोल, त्याचे फोलपट. आणि प्रयत्न फोल ठरला म्हणजे त्यात दाणा भरला नव्हता.

मोजमापातले शब्द हा आणखी एक वेगळा प्रांत आहे. लाल रंगाची आणि काळ्या टिपक्याची गुंज सोनाराच्या तराजूत वजन म्हणून असे. ८ गुंजांचा १ मासा आणि १२ माशांचा १ तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा, हे कोष्टक जुन्या पिढीला पाठ होते. यातला ‘मासा’ पाण्यातला नव्हे. तो संस्कृत ‘माष’, म्हणजे उडीद. आता एक उडीद काही आठ गुंजांइतका जड नसतो, उलट तो एका गुंजेहूनही हलका भरतो, यावरून दाण्याचे नाव तसेच ठेवून माप किती सरकत गेले ते कळते. तोळ्याचेही तसेच झाले: जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आणि आज सराफ बाजारात बोलण्यातला तोळा बहुधा १० ग्रॅमचा असतो. हिऱ्याचा कॅरटही भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरूनच आला, आणि १९०७ मध्ये त्याचे माप २०० मिलिग्रॅम असे पक्के करण्यात आले.

वनस्पतीचे नाव विस्तारत जाऊन ती वनस्पतीच बाजूला पडणे, याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे ‘तेल’. तिळापासून निघते ते ‘तैल’, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण संस्कृतातच ‘सर्षपतैल’, म्हणजे मोहरीचे तेल, असा प्रयोग रूढ झाला होता, आणि आज खनिज तेलापर्यंत हा शब्द पोहोचला आहे. ‘खोबरेल’ आणि ‘एरंडेल’ या शब्दांच्या शेवटी हेच तेल दडलेले आहे, आणि तरी आपण ‘एरंडेल तेल’ म्हणतो. युरोपातही ऑलिव्हच्या फळावरून तेलाला नाव मिळाले व नंतर ते सर्व तेलांना लागू झाले. जिथे जे तेल घरोघरी होते त्याने सर्वांचे नाव घेतले.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतल्या वनस्पती इथे येऊ लागल्या, तेव्हा त्यांना नावे देण्याचे काम लोकांनी दोन प्रकारे केले. काजू, अननस आणि बटाटा ही नावे आलेली तशीच ठेवली. त्यातही बटाट्याचे नाव मुळात कॅरिबियन बेटांवरच्या रताळ्याचे होते. मिरचीला मात्र घरचेच नाव मिळाले. संस्कृत ‘मरीच’ म्हणजे काळी मिरी, आणि नव्या तिखट फळाला त्याच कुळातले नाव देऊन लोकांनी त्याचे स्थान ठरवून टाकले: जिथे मिरी घालत होतो तिथे हे घालायचे. जमिनीखाली शेंग धरणाऱ्या दक्षिण अमेरिकेतल्या पिकाला ‘भुईमूग’ म्हणणाऱ्यांनी तर एका शब्दात त्याचे वर्णनच करून ठेवले आहे.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वनस्पतीसारखा दिसणारा प्रत्येक शब्द वनस्पतीपासून आलेला नसतो. भाऊबीज आणि तुकाराम बीज यांतला ‘बीज’ म्हणजे बी नव्हे. तो ‘द्वितीया’ या तिथीचा मराठी अवतार आहे. धूम्रपान आणि स्तनपान यांतले ‘पान’ हे पिणे या अर्थाच्या ‘पा’ धातूपासून आले आहे, त्याचा पर्णाशी संबंध नाही. ‘कामावर रुजू झाले’ यातला ‘रुजू’ अरबीतून आला आहे, बियाणे रुजते त्या क्रियापदातून नव्हे, जरी नव्या जागी रुजण्याची कल्पना तिथे छान बसत असली तरी. सोन्याची मोहर फारसी आहे आणि आंब्याचा मोहोर देशी. ‘झाडून सगळे आले’ यातले ‘झाडून’ केर झाडण्यातले आहे, त्यात झाड नाही. आणि राईचा पर्वत करतात ती राई मोहरीची, तर देवराई आणि आमराईतली राई म्हणजे झाडांची दाटी. अर्थ जुळतो म्हणून उगमही जुळतो असे मानणे ही व्युत्पत्तीतली सर्वांत मोहात पाडणारी चूक आहे, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘शब्दांच्या गोष्टीं’मध्ये ती फार वेळा दिसते.

अर्थ असा सरकतो तेव्हा नेमके काय घडते, याचा विचार भारतीय काव्यशास्त्राने फार बारकाईने केलेला आहे. शब्दाच्या सरळ अर्थ सांगणाऱ्या शक्तीला ‘अभिधा’ म्हणतात. सरळ अर्थ जुळेनासा होतो, त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घेतला जातो, आणि त्यामागे रूढी किंवा काही खास हेतू असतो, तेव्हा ‘लक्षणा’ ही दुसरी शक्ती काम करते. अकराव्या शतकात काश्मीरमधल्या मम्मटाने रूढीमुळे होणाऱ्या लक्षणेचे उदाहरण म्हणून नेमका एक वनस्पतीचाच शब्द निवडला: ‘कुशल’. कुश म्हणजे दर्भ. त्याची पाती इतकी धारदार असतात की हात कापून न घेता ती गोळा करायला कसब लागते. म्हणून कुश आणणारा तो कुशल, आणि पुढे कोणत्याही कामात निपुण असलेला तो कुशल, अशी ही मांडणी आहे. त्याच गवताच्या टोकावरून ‘कुशाग्र बुद्धी’ आली.

चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाला हे उदाहरण मान्य झाले नाही. त्याचे म्हणणे असे की शब्द कसा तयार झाला ही एक गोष्ट आहे आणि तो कोणत्या अर्थाने चालतो ही दुसरी. ‘गौः’ हा शब्द ‘जाणे’ या धातूपासून झाला आहे. व्युत्पत्ती हाच मुख्य अर्थ धरायचा तर झोपलेल्या गाईला ‘गौः’ म्हणतानाही लक्षणा मानावी लागेल. म्हणून ‘कुशल’चा मुख्य अर्थ निपुण हाच, दर्भ हे त्याचे केवळ जन्मस्थान. मला विश्वनाथाचे म्हणणे पटते. खनिज तेलात तीळ शोधणारा किंवा लोखंडी पत्र्याला पान नाही म्हणून आक्षेप घेणारा माणूस भाषा शुद्ध करत नसतो, कारण त्या शब्दांचा आजचा अर्थ पूर्णपणे खरा अर्थ आहे. पण जन्मस्थान ठाऊक असण्याने वाचन समृद्ध होते, हेही तितकेच खरे. विवाहसंबंध संपवताना गवताची काडी मोडण्याची रीत काही समाजांत होती, त्यावरून ‘काडीमोड’ हा शब्द आला. आता ती काडी बहुतेक ठिकाणी कोणी मोडत नाही, न्यायालयाच्या कागदांवर ‘घटस्फोट’ लिहिले जाते, आणि तरीही घरातल्या बोलण्यात, गावच्या चावडीवर आणि बातमीच्या मथळ्यात ‘काडीमोड’ हा शब्द आपले काम चोख बजावत असतो.